फोर्डची मोटार आणि नाशिकचा हात

१

नाशिकहून त्र्यंबकेश्वरास निघालेला यात्रेकरू शहर मागें टाकून पश्चिमेकडे वळला म्हणजे ब्रह्मगिरीचें दर्शन होण्यापूर्वीं त्याला निराळ्याच एका क्षेत्रांतून जावें लागतें. हें क्षेत्र सातपूरचें. कारखान्यांच्या लांबच लांब भिंती, पाळी सुटतांच दारांतून बाहेर लोटणारी माणसांची गर्दी, आणि मालमोटारींवर ओळीनें चढविलेल्या, अद्यापि रस्त्याची धूळहि न लागलेल्या कोऱ्या गाड्या हें येथील नित्याचें दृश्य होय. यात्रेकरूला त्याचें विशेष कांहीं वाटत नाहीं. ज्या गाडीतून तो जात असतो तीहि कदाचित् ह्याच भिंतींच्या आड जन्मलेली असते. परंतु १९९६ सालीं येथें एक अमेरिकन नांवाची मोटार तयार होऊं लागली होती, तिच्या कपाळीं निळ्या लंबवर्तुळांत 'फोर्ड' हीं अक्षरें होतीं, आणि थोड्याच वर्षांत ती नाशिक सोडून निघून गेली, ही गोष्ट आज तरुण पिढीला मुद्दाम सांगावी लागते.

फोर्ड कंपनीचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार तिच्याकडे डेट्रॉइटच्या दारांतून पाहतात, आणि तें साहजिकच आहे. परंतु सातपूरच्या दारांत उभें राहून तोच इतिहास वाचला तर त्यांतील एक निराळें सूत्र हातीं लागतें. नाशकास अमेरिकन वंशाच्या दोन गाड्या आल्या. पहिली जीप, ती कायमची राहिली. दुसरी फोर्ड, ती पाहुणी म्हणून आली आणि पाहुणीसारखीच गेली. दोघींचाहि आपल्या देशांतील आरंभ परदेशाहून आलेल्या पेट्या फोडून त्यांतील सुटे भाग जुळविण्यापासूनच झाला होता. मग एक घरची कां झाली आणि दुसरी परकीच कां राहिली? ह्या प्रश्नाचें उत्तर शोधणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२

हेन्री फोर्ड हा मिशिगनमधील एका शेतकऱ्याचा मुलगा. त्याचा जन्म १८६३ चा. शेतकामाचा कंटाळा आणि यंत्रांचा नाद हीं दोन्हीं त्याच्या ठिकाणीं लहानपणापासून होतीं. १६ जून १९०३ रोजीं कांहीं भागीदारांसह त्यानें डेट्रॉइट येथें 'फोर्ड मोटर कंपनी' स्थापन केली, तेव्हां तो चाळिशीच्या उंबरठ्यावर होता आणि ह्याच धंद्यांतील त्याचे पूर्वींचे दोन प्रयत्न फसलेले होते. त्या काळीं मोटार ही श्रीमंतांची हौस समजली जाई. फोर्डनें नेमका उलट विचार केला. खेड्यांतल्या शेतकऱ्याला परवडेल, चिखलांतून व खांचखळग्यांतून चालेल, आणि बिघडलीच तर घरच्या घरीं नीट करतां येईल अशी एकच गाडी करावयाची, असा त्याचा निश्चय होता. १९०८ च्या ऑक्टोबरांत बाहेर आलेली 'मॉडेल टी' ती हीच. तिचें इंजिन वीस अश्वशक्तीचें, पोलाद हलकें पण चिवट, आणि सांगाडा जमिनीपासून चांगला उंच. तिची आरंभींची किंमत ८५० डॉलर होती. ती उतरत उतरत १९२५ सालीं २६० डॉलरवर आली. १९२७ च्या मे महिन्यांत तिची अखेर जाहीर झाली तोंवर दीड कोटी गाड्या बाहेर पडल्या होत्या.

ही किंमत उतरली ती कामाची रीतच बदलल्यामुळें. शिकागोच्या खाटिकखान्यांत जनावराचें धड टांगलेल्या स्थितींत एका खाटकापुढून दुसऱ्यापुढें सरकत जाई आणि प्रत्येक जण आपल्या वांट्याचा भाग कापून घेई. फोर्डच्या माणसांनीं ही रीत उलटी फिरविली. १९१३ सालीं हायलंड पार्क येथील कारखान्यांत मोटारीचा सांगाडा पुढें पुढें सरकूं लागला व कामगार जागच्या जागीं उभे राहून त्याला एकेक भाग जोडूं लागले. पूर्वीं एक सांगाडा जुळविण्यास साडेबारा तास लागत. कांहीं महिन्यांतच तें काम दीड तासांत होऊं लागलें.

ह्या चमत्काराला दुसरी बाजूहि होती. पूर्वींचा कारागीर सारी गाडी ओळखत असे. नवा कामगार फक्त आपला एक बोल्ट ओळखूं लागला. अशा कामावर माणूस टिकेना. १९१३ सालीं सुमारें चौदा हजार कामगारांचा कारखाना चालता ठेवण्यासाठीं कंपनीला वर्षभरांत पन्नास हजारांवर माणसें नेमावीं लागलीं. तेव्हां १९१४ च्या जानेवारींत फोर्डनें आठ तासांच्या कामाला पांच डॉलर रोज देण्याचें जाहीर केलें आणि जग थक्क झालें. ती उदारता होती, तसाच तो व्यापारी हिशेबहि होता. ह्याच फोर्डनें पुढें आपल्या वर्तमानपत्रांतून ज्यू लोकांविरुद्ध विखारी लेखन प्रसिद्ध केलें, आणि २६ मे १९३७ रोजीं त्याच्या कंपनीच्या माणसांनीं मजूरसंघाच्या कार्यकर्त्यांस कारखान्याच्या दाराशीं बेदम मारलें. मोठ्या माणसाचें चरित्र लिहितांना ह्या गोष्टी वगळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही आहे कीं, फोर्डनें गाडी करण्याचें ज्ञान कारागिराच्या हातांतून काढून घेऊन तें नकाशांत, साच्यांत आणि यंत्रांत ठेविलें. हात राहिले, परंतु त्यांतलें ज्ञान मालकाच्या कपाटांत गेलें. एकदां हें साधल्यावर जुळणीचें काम जगाच्या कोणत्याहि बंदरावर नेतां येऊं लागलें. भाग पेटींत घालून पाठवावयाचे, ते कोणत्या क्रमानें जोडावयाचे तें कागदावर लिहून द्यावयाचें, आणि ते भाग घडविण्याचें कसब मात्र घरींच ठेवावयाचें. फोर्डची गाडी साऱ्या जगांत गेली ती अशा रीतीनें.

३

हिंदुस्थानांत ती आली तीहि ह्याच वाटेनें. ब्रिटन वगळून ब्रिटिश साम्राज्यांतील व्यापार फोर्डनें १९०४ सालीं स्थापन झालेल्या आपल्या कॅनडांतील शाखेकडे सोपविला होता. १९२६ सालीं ह्या शाखेनें हिंदुस्थानसाठीं निराळी कंपनी काढली, व पुढें मुंबईस सुट्या भागांची जुळणी होऊं लागली. १९२८ सालीं जनरल मोटर्स ह्या तिच्या बलाढ्य प्रतिस्पर्धी कंपनीनें शिवडीस असाच कारखाना घातला. पुरी मोटार जहाजांतून आणण्यापेक्षां तिचे भाग पेट्यांतून आणणें सोयीचें पडे. मुंबईच्या कामगारानें ह्या काळांत हजारों गाड्या जुळविल्या. परंतु इंजिन ओतणें, धुरी कातणें, पत्रा ठोकणें ह्यांतलें कांहीं त्याच्या वांट्यास आलें नाहीं.

हें शल्य ज्यांना बोंचलें त्यांत सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या हे प्रमुख होत. त्यांनीं युरोप-अमेरिकेंतील कारखाने हिंडून पाहिले आणि देशी मोटारकारखान्याची योजना आंखली. तिला हात घातला तो वालचंद हिराचंद यांनीं. वालचंद मूळचे सोलापूरचे. परंतु नाशिक जिल्ह्याला ते परके नव्हते. मालेगांव तालुक्यांतील रावळगांवच्या माळावर त्यांनीं ऊंस उभा केला, १९३३ सालीं तेथें साखरेचा कारखाना सुरू केला, आणि ज्या गोळ्या चघळीत महाराष्ट्रांतील दोन-तीन पिढ्या लहानाच्या मोठ्या झाल्या त्या रावळगांवच्याच. उजाड माळावर ऊंस पिकविणाऱ्या माणसाला मोटारीचें स्वप्न अशक्य वाटलें नाहीं, ह्यांत नवल तें काय?

१९३९ सालीं अमेरिकेस जाऊन वालचंदांनीं फोर्डकडे बोलणें लावलें. हिंदुस्थानचा हक्क कॅनडियन शाखेकडे असल्यामुळें तें तडीस गेलें नाहीं. मग त्यांनीं क्रायस्लर कंपनीशीं करार केला. परंतु युद्धाच्या धामधुमींत परकीय सरकारनें ह्या उद्योगाला पाठिंबा दिला नाहीं, आणि 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स' ही कंपनी १९४४ सालीं निघून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून पहिली गाडी बाहेर पडावयास १९४७ साल उजाडावें लागलें. अमेरिकेच्या त्याच प्रवासांत जुळलेल्या ओळखींतून १९४० सालीं बंगळूरचा विमानकारखाना निघाला. पुढें सरकारी झालेल्या त्या संस्थेचीच एक शाखा १९६४ पासून नाशिकजवळ ओझर येथें मिग विमानें बांधण्यासाठीं उभी राहिली. म्हणजे वालचंदांना फोर्ड मिळाला नाहीं. परंतु त्यांच्या धडपडीचें एक फळ फिरून नाशिकच्याच पदरांत पडलें.

स्वातंत्र्यानंतर सरकारनें ह्या साऱ्या जुळणी-कारखान्यांपुढें एक सरळ प्रश्न टाकला: गाडीचे भाग ह्या देशांत करणार कीं नाहीं? १९५३ सालीं टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून असें ठरलें कीं, ज्यांचा तसा कार्यक्रम नसेल त्यांनीं आपला पसारा आवरावा. फोर्ड व जनरल मोटर्स ह्या दोन्हीं कंपन्यांनीं तो १९५४ च्या सुमारास आवरला. फोर्डचें भारतांतून हें पहिलें प्रयाण. तिच्या मागें तिच्या गाड्या राहिल्या, त्या दुरुस्त करणारे मिस्त्री राहिले. परंतु तशी दुसरी गाडी करूं शकेल असा कारखाना राहिला नाहीं.

४

आतां दुसऱ्या गाडीकडे वळूं. मौज अशी कीं, तिच्या जन्मांतहि फोर्डचा हात होता.

१९४० सालीं अमेरिकन सैन्याला चारहि चाकांना गति मिळणारी एक हलकी गाडी हवी होती. पेनसिल्व्हेनियांतील बँटम ह्या लहानशा कंपनीनें त्याच वर्षीं सप्टेंबरांत पहिला नमुना करून दिला. मग सरकारनें विलिस-ओव्हरलँड व फोर्ड ह्यांच्याकडूनहि नमुने मागविले. इंजिन विलिसचें सरस ठरलें व मुख्य कंत्राट तिला मिळालें. परंतु मागणी मोठी असल्यामुळें तीच गाडी तंतोतंत करण्याचें काम फोर्डकडेहि देण्यांत आलें. युद्ध संपेपर्यंत दोघांनीं मिळून सहा लाखांवर जीपगाड्या केल्या. त्यांपैकीं पावणेतीन लाखांहून अधिक फोर्डच्या होत्या. जीपच्या तोंडावरील उभ्या फटींची जाळी आज जगभर ओळखली जाते. विलिसच्या पहिल्या गाड्यांत ही जाळी लोखंडी पट्ट्या एकमेकींस जोडून केलेली असे. फोर्डच्या कारखान्यानें ती एकाच पत्र्यांतून ठोकून काढली. ती स्वस्त व हलकी पडली, म्हणून विलिसनेंहि तीच उचलली. तात्पर्य, जीपचें हृदय विलिसचें असलें तरी मुखडा फोर्डनें दिलेला आहे.

ह्याच काळांतील आणखी एक प्रसंग येथें नमूद करण्यासारखा आहे. १९४१ च्या जुलैंत महात्मा गांधींनीं सेवाग्रामहून हेन्री फोर्डला पत्र लिहिलें व त्याला स्वतःच्या स्वाक्षरीचा एक चरखा भेट म्हणून धाडला. अमेरिका युद्धांत ओढली गेली त्याच डिसेंबरांत तो फोर्डच्या हातीं पडला. माणसाच्या हातांतलें ज्ञान यंत्रांत घालणारा आणि यंत्राच्या तावडींतून माणसाचा हात सोडवूं पाहणारा, अशा दोन टोंकांच्या दोन पुरुषांची ही भेट. फोर्डनें चरखा आदरानें जपून ठेविला, व त्याचे कारखाने युद्धसामग्रीच्या कामास लागले.

युद्धकाळांत हिंदुस्थान सरकारच्या खरेदीमंडळावर अमेरिकेंत असलेले कैलासचंद्र महिंद्र यांनीं ही गाडी जवळून पाहिली. तिच्या इंजिनाचा कर्ता बार्नी रूस याच्याशीं त्यांची ओळख झाली. आणि रस्ते थोडे व खेडीं फार असलेल्या आपल्या देशाला हीच गाडी योग्य, असें त्यांच्या मनानें घेतलें. २ ऑक्टोबर १९४५ रोजीं कैलासचंद्र, त्यांचे बंधु जगदीशचंद्र आणि गुलाम महंमद यांनीं 'महिंद्र अँड महंमद' ही पोलादाच्या व्यापाराची पेढी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानास गेले, तेथील पहिले अर्थमंत्री व पुढें गव्हर्नर-जनरल झाले. इकडे १९४८ सालीं पेढीचें नांव 'महिंद्र अँड महिंद्र' झालें. विलिसकडून सुट्या स्थितींत आणविलेल्या ७५ गाड्यांपासून ह्या धंद्याचा आरंभ झाला, व मुंबईस माझगांव येथें जीपची जुळणी होऊं लागली.

येथपर्यंत फोर्डच्या मुंबईंतील जुळणींत आणि ह्या जुळणींत कांहीं भेद नव्हता. भेद पडला तो पुढें. सरकारनें जो प्रश्न फोर्डला टाकला तोच महिंद्रांनाहि टाकला होता. त्यांनीं 'करूं' असें उत्तर दिलें. १९५४ पासून टप्प्याटप्प्यानें एकेक भाग देशांत होऊं लागला. आज हा पत्रा, उद्यां तो दांता, परवां इंजिन, असें करीत करीत पेटी रिकामी होत गेली. अमेरिकेंत मूळ कंपनी एका हातांतून दुसऱ्या हातांत जात राहिली. विलिसची कायझर झाली, १९७० सालीं तिची अमेरिकन मोटर्स झाली, १९८७ सालीं ती क्रायस्लरकडे गेली. १९५३ सालचा उंच बॉनेटचा जीपचा नमुना तिकडे १९६८ सालीं बंद पडला. आपल्याकडे तो पुढें कित्येक दशकें चालला. १९८० नंतरच्या वर्षांत नाशकास महिंद्रांचा कारखाना उभा राहिला, इगतपुरीस इंजिनें होऊं लागलीं, आणि जीपचा संसार मुंबईहून घाट चढून वर आला.

ह्या संसाराचें केवळ गुणगान करणें बरें नव्हे. परदेशी मालाला दार बंद असल्यामुळें ग्राहकाला निवड नव्हती. गाडी ओबडधोबड होती, तिचें पाणी गळे, दारें खडखडत, बसणाऱ्याचीं हाडें खिळखिळीं होत, आणि वर्षानुवर्षें तिच्यांत फारसा पालट होत नसे. संरक्षणाच्या भिंतीआड कारखानदार आळसावतो, हा आक्षेप येथेंहि अगदीं खोटा नव्हता. परंतु ह्याच दीर्घ व कांहींशा आळसट काळांत एक मोलाची गोष्ट घडली. जीप ही उघडी गाडी. बॉनेट उचलला कीं सारें यंत्र समोर दिसतें. तिचा एकहि भाग असा नाहीं कीं जो मिस्त्रीनें उकलला नाहीं. पेठ-सुरगाण्याच्या घाटांत, त्र्यंबकच्या यात्रेंत, कसाऱ्याहून नाशकास उतारू आणणाऱ्या काळ्या-पिवळ्या गाड्यांत, पोलिसांकडे, जंगलखात्याकडे, निवडणुकीच्या प्रचारांत ती वापरली गेली, मोडली गेली, पुन्हां उभी केली गेली. कपाटांतलें ज्ञान हळूहळू हातांत परत आलें. सातपूर-अंबडच्या लहान लहान शेडींतून ज्यांनीं ह्या गाडीचे भाग कातले, ठोकले, जोडले, त्यांना भाग कसा लावावा इतकेंच नव्हे, तर तो तसाच कां असतो हेंहि कळूं लागलें. घरची होणें म्हणतात तें हेंच.

५

१९९१ सालीं भारत सरकारनें व्यापाराचीं दारें उघडलीं. चाळीस वर्षांपूर्वीं गेलेल्या कंपन्या परतूं लागल्या. फोर्डला ह्या देशांत जोडीदार हवा होता, महिंद्रांना सुखासनी मोटार हवी होती. १९९५ सालीं दोघांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीनें 'महिंद्र फोर्ड इंडिया' ही कंपनी निघाली, आणि १९९६ सालीं नाशिकच्या कारखान्यांतून 'एस्कॉर्ट' ही मोटार बाहेर पडूं लागली. एस्कॉर्ट हें नांव फोर्डच्या युरोपीय घराण्यांतलें. १९६८ पासून तिकडे तें प्रसिद्ध होतें. नाशकास आली ती १९९० सालीं युरोपांत अवतरलेली पिढी. एक जात पेट्रोलची, दुसरी १.८ लिटरच्या डिझेल इंजिनाची. जीपच्या शेजारीं ती उभी राहिली म्हणजे पहिलवानाशेजारीं एखादा टापटिपीचा साहेब उभा असावा तसें वाटे.

मध्यमवर्गाला तिचें आकर्षण होतें, परंतु ती फार खपली नाहीं. मारुतीच्या गाड्या तिच्याहून स्वस्त होत्या व त्यांची देखभाल सोपी होती. शिवाय कोरियन व जपानी मोटारीहि त्याच सुमारास बाजारांत उतरत होत्या. आणि फोर्डचें मन मुळांत नाशकांत नव्हतेंच. तिला स्वतःचा कारखाना, स्वतःच्या बंदराजवळ आणि स्वतःच्या रीतीचा हवा होता. चेन्नईजवळ मरैमलै नगर येथें तो बांधला जात असतांनाच, १९९८ सालीं, फोर्डनें भागीदारींतील आपला वांटा वाढवून सुमारें ७२ टक्के केला. कंपनीच्या नांवांतून 'महिंद्र' हा शब्द गळला. १९९९ सालीं चेन्नईचा कारखाना सुरू झाला, तेथें भारतासाठीं म्हणून घडविलेली 'आयकॉन' निघाली, आणि एस्कॉर्टची कथा पुढें लवकरच संपली. नाशिक फोर्डच्या मुक्कामांतील एक धर्मशाळा ठरलें.

एवढ्यावरून फोर्डला दोष देणें अन्यायाचें होईल. व्यापारी जेथें सोय पाहतो तेथें जातो. त्याच्याकडून कृतज्ञतेची अपेक्षा करणें हाच भाबडेपणा. शिवाय पाहुणी रिकाम्या हातीं आली नव्हती. गाडीचें कवच केसाइतक्या मापानें कसें जुळवावें, रंग कसा चढवावा, भाग पुरविणाऱ्यांच्या मालाची कसोटी कशी लावावी, आणि मुख्य म्हणजे नवी गाडी कागदावरून रस्त्यावर आणण्याचें काम कोणत्या शिस्तीनें करावें, ह्या गोष्टी ओबडधोबड जीपवर वाढलेल्या माणसांना तिच्या सहवासांत पाहावयास मिळाल्या. प्रश्न एवढाच होता कीं, पाहिलेलें शिकलें गेलें कीं नाहीं?

६

ह्या प्रश्नाचें उत्तर नाशिकनें २००२ सालीं दिलें. पवन गोएंका हे अभियंते डेट्रॉइट येथें जनरल मोटर्सच्या संशोधनविभागांत चौदा वर्षें काम करून १९९३ सालीं भारतांत परतले व नाशकास महिंद्रांच्या संशोधनकार्यांत शिरले. त्यांच्या नेतृत्वाखालीं जी गाडी घडली ती 'स्कॉर्पिओ'. जून २००२ मध्यें ती बाजारांत आली. कारखान्यांतील सुधारणांसह तिचा खर्च सुमारें ६०० कोटी रुपये झाला. अमेरिकन कंपन्या नव्या गाडीवर जें खर्चितात त्याच्या मानानें हा आंकडा अगदींच लहान. तिच्यांत परदेशी साहाय्य नव्हतें असें नाहीं. परंतु नकाशा येथला होता, निर्णय येथले होते, आणि चुका झाल्या तर त्याहि येथल्याच. पेटी फोडण्यापासून सुरू झालेला प्रवास नवी वस्तु घडविण्यापर्यंत पोंचावयास पन्नासांहून अधिक वर्षें लागलीं. जीपनें दिलेलें हातांतलें कसब आणि फोर्डनें दाखविलेली शिस्त ह्या दोहोंचा संगम मला तरी ह्या गाडींत दिसतो.

ह्याची दुसरी कसोटी पांच वर्षांनीं लागली. २००७ सालीं फ्रान्सच्या रेनो कंपनीबरोबर भागीदारी करून नाशकास 'लोगन' ही मोटार होऊं लागली. तीहि फार खपली नाहीं, आणि २०१० सालीं रेनोनें आपलें अंग काढून घेतलें. इतिहासाची पुनरावृत्ति होणार असें वाटलें. परंतु ह्या वेळीं पाहुणा गेला तरी गाडी गेली नाहीं. महिंद्रांनीं तिचें नांव 'व्हेरिटो' ठेविलें आणि ती पुढें चालविली. १९९९ आणि २०१० ह्या दोन प्रसंगांतील अंतर हीच नाशिकची कमाई.

पुढें तर पेट्यांची दिशाच फिरली. २०१८ सालीं जुन्या जीपच्या वळणाची 'रॉक्सर' नांवाची गाडी महिंद्रांनीं अमेरिकेंत विकावयास काढली. तिचे सुटे भाग भारतांतून पेट्यांत घालून पाठविले जात आणि जुळणी होई ती डेट्रॉइटच्या उपनगरांत, ऑबर्न हिल्स येथें. ज्या प्रांतांतून पेट्या सुटत त्याच प्रांतांत आतां पेट्या येऊन पडूं लागल्या. जीप ह्या नांवाचे तत्कालीन धनी फियाट-क्रायस्लर यांनीं लगेच हरकत घेतली: ही गाडी आमच्या जीपसारखी दिसते. २०२० च्या जूनमध्यें अमेरिकेच्या व्यापार-आयोगानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला, आणि महिंद्रांना गाडीचें रूप पालटावें लागलें. हातांनीं शिकलेलें आपलें होतें. परंतु चेहरा मागून आणलेला होता, आणि मागून आणलेल्या चेहऱ्यावर मूळ धन्याचा हक्क उरतो, हा धडा ह्या निकालानें दिला. ज्या मुखड्यावरून हें भांडण झालें तो ठोकून काढला होता फोर्डनें, हें दोन्हीं पक्षांपैकीं कोणाच्या मनांत आलें असेल कीं नाहीं, कोण जाणे!

फोर्ड आणि महिंद्र यांची गांठ आणखी एकदां पडणार होती. १ ऑक्टोबर २०१९ रोजीं दोघांनीं पुन्हां भागीदारी जाहीर केली. ह्या वेळीं मोठा वांटा महिंद्रांचा असावयाचा होता. परंतु जगावर साथीचें संकट आलें, हिशेब बदलले, आणि २०२० च्या अखेरच्या दिवशीं तो बेत सोडून देण्यांत आला. नंतर ९ सप्टेंबर २०२१ रोजीं फोर्डनें भारतांतील उत्पादन बंद करण्याचें जाहीर केलें. दहा वर्षांत दोनशे कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाल्याचें तिनें सांगितलें. गुजराथेंतील साणंदचा कारखाना २०२३ च्या जानेवारींत टाटांकडे गेला. चेन्नईचा कारखाना निर्यातीसाठीं पुन्हां वापरण्याचा मनोदय कंपनीनें २०२४ सालीं प्रकट केला. पाहुणी पुन्हां येईल, कदाचित् पुन्हां जाईलहि.

हा इतिहास लिहितांना आपली पाठ आपण थोपटून घ्यावी, असा माझा हेतु नाहीं. उलट त्यांतून एक शंका निघते ती वाचकांपुढें मांडून हा लेख संपवितों. मोटारीचें युग पुन्हां पालटत आहे. इंजिनाची जागा वीज घेत आहे. आणि विजेच्या गाडीचें हृदय म्हणजे तिच्या बॅटरीचे कोष, तिचा मेंदू म्हणजे तिच्या संगणकाच्या चकत्या, ह्या वस्तु आज बव्हंशीं परदेशांतून येतात. म्हणजे नव्या पेट्या येऊं लागल्या आहेत. जुन्या जीपचा बॉनेट उचलून मिस्त्री आंत पाहूं शकत होता. ह्या नव्या पेट्यांना बॉनेट नाहीं, त्या मोहोरबंद आहेत. नाशिकच्या कारखान्यांपुढें, आणि खरें म्हणजे साऱ्या देशापुढें, १९५३ सालचाच प्रश्न नव्या वेषांत उभा आहे: पेटी फोडून भाग जोडावयाचे, कीं पेटींतली वस्तु घडविण्यास शिकावयाचें? पहिल्या मार्गानें रोजगार लवकर मिळतो; दुसऱ्याला पन्नास वर्षें लागतात, आणि त्या पन्नास वर्षांत गळकी, खडखडणारी गाडी सोसावी लागते.

सातपूरच्या रस्त्यानें त्र्यंबकेश्वरास जातांना वाटेंत ज्या भिंती लागतात, त्यांच्या आड ह्या प्रश्नाचीं दोन्हीं उत्तरें एकदां देऊन झालेलीं आहेत. त्यांतलें कोणतें टिकलें तें आपण पाहिलेंच.